पाटीवर नसलेला पाय

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. कुणी हळहळलं की त्यांच्या कपाळावर आठी. यंदा तर त्यांच्यामागे साडेसातीच लागली होती. आधी स्कूटर चोरीला गेली, मग बाथरूमचं छत गळू लागलं आणि ते गळतं कुठून, हे बघायला वर जाताना जिन्यात घसरून उजवा पाय मोडला.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, तेव्हा त्यांनी दाराबाहेर खडूनं लिहिलेली पाटी टांगली: ‘पाय उजवा. हाड एकच मोडले आहे. स्कूटर सापडलेली नाही. वाचून परत जावे.’

मी तरीही बेल वाजवली.

“आपल्याला वाचता येत नाही का?”

“अहो, दुखतं का, ते लिहिलेलं नाही.”

कुबडीवर रेलून त्यांनी खाली लिहिलं: ‘दुखते.’ आणि दार लावून घेतलं.

गेल्या महिन्यात आईला अचानक दवाखान्यात हलवावं लागलं. तीन दिवस आमच्या घराला कुलूप होतं. चौथ्या दिवशी दुपारी परतलो, तर ती पाटी आमच्या दारावर! जुना मजकूर पुसून लिहिलेलं: ‘घरचे दवाखान्यात आहेत. दूध, टपाल समोर द्यावे. फोन करून त्यांना छळू नये.’

समोरचं दार उघडलं. कुबडी, प्लास्टर, सगळं तसंच होतं.

“पाय कसा आहे?” मी विचारलं.

“पाटीवर आहे का तो? नाही ना? मग आईचं सांगा.”