शनिवारचा सत्यनारायण

माझी नोकरी खोटं पकडायची आहे. नेमणूकपत्रावर ‘एचआर’ लिहिलंय, पण कामाचं स्वरूप ते. दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पमध्ये राहणारी आमच्या कंपनीची माणसं रजेचे अर्ज घेऊन येतात आणि मी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघते. रत्नागिरीकडचे, साताऱ्याकडचे, बहुतेक इथे एकटे राहणारे. त्यातल्या एकाची आजी माझ्या कारकिर्दीत तीनदा वारली. तिसऱ्यांदा मी विचारलंच, “दादा, आता खलास ना नक्की?”

“मॅडम, ही आईकडची.”

“आणि मागच्या दोन?”

“त्या वडिलांकडच्या.”

मी अर्ज परत केला आणि त्याच्याकडे प्रूफ मागितलं. प्रूफ मागण्यात माझा हात कुणी धरणार नाही. हे एवढं सविस्तर सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं ते अडाणीपणातून केलं असं कुणाला वाटू नये. मी या विषयातली तज्ज्ञ आहे.

तर आमची कन्या. पंधराव्या वर्षापर्यंत तिने कुठलाही खेळ खेळण्याची चूक केली नव्हती. अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमधली मुलं चालायला लागली की स्विमिंगला जातात, बोलायला लागली की अबॅकसला. आमची सोफ्यावर जायची. आणि दहावीची परीक्षा संपल्यावर एके दिवशी तिने जाहीर केलं, “आई, आय वॉन्ट टू प्ले सॉफ्टबॉल.”

शाळेत नवीन पीटीच्या मॅडम आल्या होत्या. मूळच्या जळगावच्या, युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलेल्या. दुबईतल्या भारतीय शाळेत मुलींची सॉफ्टबॉल टीम काढायची त्यांनी ठरवलं आणि मुली कमी पडत होत्या म्हणून आमचीही घेतली. ग्लोव्हची किंमत दुकानदाराने दिरहॅममध्ये सांगितली, नवऱ्याने तिथल्या तिथे मोठ्याने रुपये केले आणि “एकाच हाताचा?” असं विचारलं. तो एकाच हातात घालतात हे आम्हाला तिथे कळलं. यावरून घरातल्या क्रीडापरंपरेचा अंदाज यावा.

मग मी बिल्डिंगमागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये तिला बॉल टाकायला लागले. सॉफ्टबॉल मऊ असतो अशी कुणाची समजूत असेल तर माझी नडगी दाखवते. दोन महिन्यांनी मॅडमनी तिला राइट फील्डला उभं केलं. मला फार अभिमान वाटला. नंतर कळलं, शाळेच्या खेळात तिकडे बॉल सहसा येतच नाही, म्हणून उशिरा आलेल्यांना तिथे उभं करतात.

पण पोरीला नाद लागला. बाकीच्या मुली तिच्या पुढे होत्या, आणि हे वर्ष अकरावीचं. बारावीला शाळा मैदानाकडे बघूही देत नाही. म्हणजे शाळेच्या टीममधून खेळायचं तर हे एकच वर्ष, आंतरशालेय स्पर्धेच्या तीन मॅचेस आणि संघातल्या नऊ जागा. मागे पडलेलं भरून काढायला तिने एका क्लबमध्येही नाव घातलं. क्लबची टीम फिरती. आज अबुधाबी, पुढच्या शनिवारी अल ऐन. तिथल्या मुली आठव्या वर्षापासून खेळतात, झोपेत झेल घेतात. कोच कॅनडाचा, झाडासारखा उंच. पहिल्या दिवशी म्हणाला, मला फक्त कमिटमेंट पाहिजे. जळगावच्या मॅडमही तेच म्हणाल्या होत्या, फक्त मराठीत: “क्लबला खेळू दे, माझं काही नाही. पण शाळेची प्रॅक्टिस आधी. तीन चुकल्या की नऊमधून बाहेर. परीक्षा नाहीतर घरचं धार्मिक कार्य असेल तरच सूट.”

शाळेची प्रॅक्टिस मंगळवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी. क्लबच्या टूर्नामेंट शनिवारी, दिवसभर. आता कुठल्याही सरळ आईने दोघांना फोन करून अडचण सांगितली असती. पण एचआरमध्ये वीस वर्षं काढल्यावर सरळ मार्ग दिसेनासे होतात.

पहिल्या शनिवारी मी मॅडमना ताप कळवला. दुसऱ्या वेळी दाढ. तिसऱ्या वेळी अबुधाबीला जायचं होतं आणि आता गणित अवघड होतं. तापाला मंगळवारपर्यंत उतरावं लागतं, दाढेला सूज लागते. शिवाय तिसरी अनुपस्थिती म्हणजे नऊमधून बाहेर. सूट मिळेल असंच कारण हवं.

“जस्ट टेल हर,” कन्या म्हणाली.

“काय सांगू? तुझी जागा काढून घ्या म्हणून?”

“आय विल टेल हर.”

“तू गप्प बस. तुला अनुभव नाही.”

आणि मी अनुभवाच्या जोरावर मेसेज टाकला: ‘मॅडम, आज आमच्याकडे सत्यनारायण आहे, तरी रजा द्यावी.’ पाठवून मी स्वतःच दोनदा वाचला. काय मेसेज! परीक्षेला मार्कशीट लागते, तापाला थर्मामीटर. सत्यनारायणाचं प्रूफ कोण मागणार? लगेच मॅडमचं उत्तर आलं, जोडलेले हात, दोनदा.

नवरा कन्येला घेऊन पहाटे अबुधाबीला गेला. मी दिवसभर निवांत. संध्याकाळी ती दोघं परतायच्या वेळेला मी बोंबील तळायला घेतले, कारण शनिवारी आमच्याकडे बोंबील असतात आणि खोटा सत्यनारायण काही आमचा मेन्यू बदलू शकत नाही. पाच वाजता बेल वाजली. पोर आली असेल म्हणून मी हात पुसत दार उघडलं.

दारात जळगावच्या मॅडम. नेहमी ट्रॅकसूटमध्ये बघितलेल्या, आज चक्क साडीत. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात केळ्यांची फणी.

“निमंत्रण नव्हतं, पण सत्यनारायणाच्या प्रसादाला निमंत्रण लागत नाही, हो ना ताई?” त्या चप्पल काढत म्हणाल्या. “मागच्याच गल्लीत राहते मी. एकटीच. दोन वर्षं झाली इथे येऊन, तीर्थप्रसाद हाताला लागला नाही. सकाळी तुमचा मेसेज वाचला आणि इतकं बरं वाटलं! ही केळी फिलिपीन्सची आहेत, यांना केळी म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण आता इथे जळगाव कुठून आणू?”

मी आयुष्यात पुष्कळ अर्ज बघितले, पण इतका विश्वास ठेवणारा माणूस समोर उभा राहिल्याचा प्रसंग नवा होता. आमच्या मराठी माणसाला सत्यनारायण आहे म्हणून सांगायचं आणि तो येणार नाही असं धरून चालायचं! ही चूक दुसऱ्या कुणाला सुचली नसती. कॅनडावाल्याला सांगितलं असतं तर तो ‘एन्जॉय’ म्हणाला असता.

मॅडमनी पदर डोक्यावरून घेतला आणि नमस्कार कुठे करायचा म्हणून हॉलभर बघितलं. हॉलमध्ये इस्त्रीचे कपडे होते, टीव्ही होता आणि नवऱ्याचा डंबेल होता, तोही नव्यासारखा.

“चौरंग उचलला?”

“हो, सकाळीच आटोपलं सगळं.”

“इतक्यात? आमच्याकडे दुसऱ्या दिवशी हलवतात.”

“इथे जागा कमी ना,” मी म्हटलं.

“खरंय. भटजी कुठले मिळाले?”

“व्हिडिओवर. पुण्याचे.”

“वा. आणि प्रसाद?”

“बिल्डिंगमध्ये वाटला. संपला.”

“सगळा?” त्यांनी नारळ टीपॉयवर ठेवला. नाक किंचित वर गेलं. “बोंबील का हो?”

“शेजारी,” मी म्हटलं. “फार तळतात ते.”

त्यावर आम्ही दोघी सोफ्यावर बसून राहिलो. त्या केळ्यांकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. मिनिटभराने त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “ताई, शेजाऱ्यांचे बोंबील करपतायत. गॅस बंद करून या.”

मी गेले, गॅस बंद केला. स्वयंपाकघरात जेवढा वेळ उभं राहता येतं तेवढी राहिले. बाहेर आले तेव्हा लॅचची किल्ली फिरत होती. कन्या आणि तिचा बाप आत आले. ती क्लबच्या जर्सीत, गुडघ्यांना लाल माती, खांद्यावर बॅट. मी बापाला डोळ्यांनी खूण केली. लग्नाला वीस वर्षं झाली, माझी खूण त्यांना पहिल्यांदाच वेळेवर कळली आणि तीही अशी कळली, की ते हात जोडून म्हणाले, “मॅडम! या या. पूजा फार छान झाली.”

“कुठे झाली?” मॅडमनी विचारलं.

ते माझ्याकडे बघायला लागले. कन्येने बॅट खाली ठेवली.

“मॅम, देअर वॉज नो पूजा. आय वॉज इन अबुधाबी. फीव्हर आणि टूथ, दॅट वॉज ऑल्सो टूर्नामेंट. आय न्यू.”

इतक्या वर्षांत तिने सलग एवढी वाक्यं मोठ्या माणसाशी बोललेली मी ऐकली नव्हती. त्यातला ‘आय न्यू’ तर अनावश्यक होता. सगळा दोष माझ्यावर टाकून ती मोकळी झाली असती, मी काही बोलले नसते. म्हणजे बोलले असते, पण हळू.

“किती मारलेस?” मॅडम.

“वन हिट. टू स्ट्राइकआउट्स.”

“स्ट्राइकआउट का?”

“लेट स्विंग.”

“अजूनही बॅट उशिराच फिरवतेस.” मॅडम उठल्या. “पुढच्या शनिवारी पहिली मॅच आहे. तू बाकावर बसशील. नऊमध्ये नाहीस. त्यापुढचं नंतर बघू.”

“ओके, मॅम,” ती म्हणाली आणि खाली ठेवलेली बॅट भिंतीला टेकवली. मी काहीतरी म्हणणार होते, की चूक माझी आहे, मुलीला शिक्षा कशाला, वगैरे. हे मी कॅम्पमधल्या माणसांकडून इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे. दाराशी चप्पल घालता घालता मॅडमच म्हणाल्या, “खरं सांगितलं असतंत, तरी मी रजा दिली नसती हो. पण मी केळी घेऊन आले नसते.”

केळी आणि नारळ टीपॉयवर राहिले. त्या रात्री बोंबलांना कुणी हात लावला नाही. करपलेले होते, हे एक कारण.

दुसऱ्या दिवशी कन्येने मॅडमचा आणि कॅनडावाल्याचा, दोघांचे नंबर स्वतःच्या फोनवर घेतले. माझ्यासमोर बसून त्याला टाइप केलं: सॅटरडे आय कान्ट, स्कूल मॅच. मी म्हटलं, कारण जरा सविस्तर लिही, नाहीतर काढून टाकेल. त्याचा अंगठा आला. नुसता अंगठा. खाली लिहिलं होतं, गुड लक. सत्याला इतकी कमी मेहनत लागते हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

त्याच आठवड्यात ऑफिसात एक जण रजेला आला. कारण: गावी घरची पूजा. माझ्या तोंडात प्रूफ शब्द आला आणि तिथेच राहिला. मी सही केली. तो इतका घाबरला, की दारातून परत येऊन म्हणाला, “मॅडम, खरंच पूजा आहे.”

शनिवारी आम्ही दोघं सकाळी सातला शाळेच्या मैदानावर. कन्या बाकावर, मांडीवर स्कोअरशीट. बाकी सगळ्या टोप्या घालून मैदानात आणि ही पेन्सिल घेऊन. मी मनातल्या मनात दर इनिंगला मॅडमचा पारा उतरण्याची वाट बघत होते. उतरला नाही. आता मला सांगा, सबंध सीझनच्या प्रॅक्टिसमध्ये जिकडे बॉल फिरकला नाही, त्या राइट फील्डला तो शेवटच्या इनिंगमध्ये जाईल असं कुणाला वाटलं असतं? गेला. आमच्या कन्येच्या जागी उभी असलेली आठवीची मुलगी धावली, बॉल ग्लोव्हला लागला आणि खाली पडला. एका रनने हरलो.

“आपली असती तर घेतला असता,” मी नवऱ्याला म्हटलं.

“आपलीने सोडला असता,” ते म्हणाले. “मी अबुधाबीला बघितलंय.”

कन्या मात्र स्कोअरशीट टाकून पळाली ती थेट त्या आठवीच्या मुलीकडे. तिच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी सांगत होती. काय ते मला ऐकू आलं नाही, विचारलं तर म्हणाली, “नथिंग.”

मी पर्समधून डबा काढला आणि मॅडमकडे गेले. सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप आणि त्यांचीच केळी, जी आठवडाभरात काळी पडून आता कुठल्याच देशाची राहिली नव्हती. नारळ मी तसाच ठेवला होता. फोडायची हिंमत झाली नाही.

“पूजेचा नाही,” मी म्हटलं. “नुसता शिरा आहे. भटजी नाहीत, चौरंग नाही, काही नाही.”

त्यांनी हरल्याच्या चेहऱ्यानेच चमचाभर खाल्ला. मग अजून एक.

“वेलची विसरलात.”

“हो.”

“पौर्णिमा कधी आहे?”

मी फोनमधलं कॅलेंडर बघून येणाऱ्या पौर्णिमेचा दिवस सांगितला. “नारळ तेव्हा फोडा. मी येईन,” त्या म्हणाल्या, “आणि यावेळी सांगून येईन.” मग मान वळवून त्यांनी बाकाकडे हाक मारली. कन्या पेन्सिल कानावर खोचून धावत आली.

“मंगळवारी पाच वाजता. बॅट लवकर फिरवायची प्रॅक्टिस. दुसऱ्या मॅचची नऊ नावं मी त्यानंतर लिहीन.”

“येस, मॅम.”

“आणि यायला जमणार नसेल तर मेसेज कोण करणार?”

कन्येने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मी,” ती म्हणाली, मराठीत.