वालावलकर सिस्टर पुन्हा रंग द्यायला येतात

वालावलकर सिस्टर वारल्या. रीतसर वारल्या. डॉक्टरांनी तसं सांगितलं, मेट्रनबाईंनी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि तेवढ्यात तिघींचे फोन वाजले. आता हे काही झालंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण त्या वर्गाच्या दारात उभ्या आहेत आणि अर्पिता तांडेलकडे बघतायत.

दुपार आहे. इस्पितळातल्या नर्सेसचा ट्रायजचा वर्ग चाललाय. ट्रायज म्हणजे अपघात विभागात एकदम घोळकाभर माणसं आली, तर आधी कोणाला बघायचं ते ठरवणं. नवे मुळ्ये सर शिकवतायत. पोटात आमटीभात आहे, वर पंखा कुरकुरतोय आणि अर्पिताची हनुवटी हळूहळू स्वतःच्याच नावाच्या बिल्ल्याला टेकतेय. सरांचा आवाज लांबून येतो. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. पिवळा म्हणजे थांबू शकतो. हिरवा म्हणजे चालत घरी जाईल. काळा म्हणजे... तिथे सरांचा आवाज पाण्यात बुडतो आणि वाक्य दारातून पुरं होतं.

"काळा म्हणजे त्याला आता कसली घाई नाही. ऊठ गो तांडेल."

अर्पिता उठते. आपण झोपलोय हे तिला कळतंय. झोपेत कोणी ऊठ म्हटलं तर उठावं की नाही, हे अभ्यासक्रमात नाही.

सिस्टरची शिकवायची पद्धत अशी, की सरावाला पेशंट त्या स्वतःच व्हायच्या. कधी विव्हळायच्या, कधी मुलींना शिव्या घालायच्या. शेवटच्या दिवशी खुर्चीत मान टाकून नुसत्या गप्प बसल्या. मुली हातात रंगीत फिती घेऊन वाद घालत राहिल्या, लाल की पिवळी. अर्पिता म्हणाली, सिस्टर, इतका वेळ श्वास रोखायचा नाही, ही चीटिंग आहे. सगळ्या हसल्या. कोणीही काही करू शकलं नसतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. अर्पिताला ते वाक्य तोंडपाठ आहे. गुण अजून आलेला नाही.

जिना उतरला की अपघात विभाग. ती उतरते तर खाली बंदरावरचा मासळीबाजार आहे. ओट्यांवर बर्फ पसरलाय आणि बर्फात माणसं ओळीने निजवलीयत, पाय बाहेर. एकही कोळीण हाक मारत नाही. बोंबलांच्या पाटीशेजारी एकजण पायाचा अंगठा धरून बोंबलतोय, तेवढाच काय तो आवाज. अर्पिता त्याच्याकडे धावते.

"त्याला राहू दे," सिस्टर मागून म्हणतात. "ओरडतोय म्हणजे श्वास घेतोय. गप्प कोण आहे ते बघ."

ती एकेकावर वाकते. बर्फातले सगळे हलक्या आवाजात बोलतायत. एकजण शेजारच्याला मुलीच्या लग्नाचं विचारतोय, एक आजी शेवटची एसटी गेली का म्हणून विचारतेय. गप्प कोणीच नाही. तसं सांगायला अर्पिता तोंड उघडते आणि आवाज येत नाही. पुन्हा उघडते. शेजारच्या सुरमईने उघडावं तसं.

बोंबलणारा थांबतो. बर्फातल्या माना तिच्याकडे वळतात. सगळ्यात शेवटी सिस्टर वळतात.

"सापडली," त्या म्हणतात.

आता ती वर्गात आहे, त्याच खुर्चीत. मान एका बाजूला पडलीय आणि उचलवत नाही. मुली भोवती उभ्या राहून वाद घालतायत. छान करतेय, कोणीतरी म्हणतं. तांडेल, श्वास रोखू नकोस, चीटिंग आहे, दुसरी म्हणते आणि सगळ्या हसतात. विनोद तिचाच आहे. आतून ऐकला की तो वेगळा वाटतो.

सिस्टर तेवढ्या हसत नाहीत. खाली बसून तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवतात. मोजतात. फार वेळ मोजतात. मग त्यांचे ओठ हलायचे थांबतात आणि त्या खिशात हात घालतात. फितींचा गुंता बाहेर येतो. काळी सगळ्यात वर आहे.

"घाबरलीस?"

अर्पिताला हो म्हणायचंय. हो म्हटलं तर ती वाचेल. जीभ हलत नाही.

"मीपण घाबरले होते," सिस्टर गुंता सोडवत म्हणतात. "तुम्ही हसत होता ते ऐकू येत होतं मला." काळी फीत त्या स्वतःच्या बोटाला गुंडाळतात. "विनोद बरा होता तसा."

मग मनगटावर गाठ बसते. घट्ट.

"तांडेल," मुळ्ये सर म्हणतात, "आपण वर्गात आहात का?"

वर्ग हसतो. ती डोळे उघडते, आधी श्वास घेते, मग मनगटाकडे बघते. पिवळी फीत आहे. गाठीखाली कातडी पांढरी पडलीय. मुळ्ये सर प्लॅस्टिकची कार्डं वापरतात. फिती त्यांनी आल्या दिवशीच बंद केल्या.

पिवळा किती वेळ थांबू शकतो, ती विचारते. आवाज आला याचंच तिला आश्चर्य वाटतं. सरांना शंका विचारणारे आवडतात. ते खुशीत सांगतात की फेरतपासणी होईपर्यंत. ज्याने रंग दिला तो परत येतो, पुन्हा बघतो, लागला तर बदलतो.

"परत येतोच?"

"यावंच लागतं. नियम आहे."

अर्पिता दाराकडे बघते. दारात कोणी नाही. ती पेन उघडते.

प्रति, वालावलकर सिस्टर, अपघात विभाग. विषय: फेरतपासणी पुढे ढकलणेबाबत. महोदया, सदर पेशंटची प्रकृती थांबण्याजोगी असून तिची थांबण्यास कोणतीही हरकत नाही. सबब, पुढील आदेश होईपर्यंत तिची फेरतपासणी करण्यात येऊ नये, आणि पुढील आदेश कोणीही काढू नयेत, ही नम्र विनंती.