मधल्या खोलीतली खाट

शमसिदारला वाचायची खोड होती. पुस्तकं नव्हेत, पुस्तकं तिच्याकडे नव्हतीच. सुक्या मासळीचा पुडा सोडला की ती आधी कागद मांडीवर घ्यायची, तळहातानं त्याच्या सुरकुत्या काढायची आणि तेलानं आरपार झालेल्या अक्षरांपासून फाटक्या कडेपर्यंत सगळं वाचून काढायची. तेवढ्यात मांजर मासळी पळवायचं. पश्चिम सुमात्राच्या डोंगरातल्या कोतो लावे गावात, एकाहत्तराव्या वर्षी, कुठल्या सामुद्रधुनीत बोट बुडाली हे तिला ठाऊक असे, कुठल्या मंत्र्याच्या मुलीचं लग्न ठरलं हेही ठाऊक असे. फक्त बातम्यांचे शेवट ठाऊक नसत. ते दुसऱ्या कुणाच्या मिरच्यांभोवती गेलेले असत.

आणि यातलं काही सांगायला घरात कुणी नव्हतं.

घर मोठं होतं. समोर एकच लांब ओसरी, मागे ओळीनं सात खोल्या, वर शिंगांसारखं दोन्ही टोकांना उचललेलं छप्पर. इथली घरं बायकांची. आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे जाणारी. खोल्याही लेकींच्या. लग्न झालेल्या लेकीला एक खोली, आणि तिचा नवरा तिथं संध्याकाळी पाहुण्यासारखा यायचा, सकाळी निघून जायचा. शमसिदारचा नवरा असाच एका सकाळी धंद्यासाठी मेदानला गेला आणि तिकडे दुसऱ्या घरी पाहुणा झाला. तिला एकच मूल, इर्वान. त्याची जावा बेटावर बेकासीला खाणावळ होती. मुलगा गुणाचा, दर रविवारी फोन करायचा. पण घर मुलाला जात नाही. सातांपैकी सहा खोल्यांना कड्या लागलेल्या होत्या. उरलेल्या मधल्या खोलीत ती राहत होती.

वाचायची खोड मामांची. आईचे धाकटे भाऊ, दारवीस मामा. त्यांच्या नावाचे रस्ते दूरदूरच्या शहरांत होते आणि शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दीड पान होतं. हा नेता एक दिवसही शाळेत गेला नाही, सगळं आपलं आपण शिकला, असं त्या पानात लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. शमसिदारची आई सारिबानून सांगायची, की दारवीस सात वर्षांचा झाला आणि गावातल्या प्रत्येक मुलासारखी त्याचीही चटई गुंडाळून सुरावात गेली. ओढ्याकाठच्या त्या लहानशा नमाजघरात मुलं कुराण शिकायची आणि रात्री तिथंच ओळीनं निजायची. त्यानंतर आईच्या घरी यायचं ते जेवण्यापुरतं. दारवीस जेवायचा आणि जाताना चुलीजवळच्या पुड्यांचे कागद मागायचा. मासळीचे, तंबाखूचे, मिठाचे. एका गाडीवानाकडून त्यानं दोन नारळ देऊन डच शब्दकोशाचा पहिला अर्धा भाग मिळवला होता. "म्हणून साहेबाशी भांडताना तो अर्ध्यातच थांबायचा," असं म्हणून आई हसायची. पुढे तुरुंगात ते कायदा शिकले, बेटावरच्या हद्दपारीत इतिहास शिकले. देश स्वतंत्र झाला तेव्हा मंत्री झाले, आणि ज्यांच्या बरोबरीनं झाले त्यांच्याशीच वाकडं घेऊन पुन्हा तुरुंगात गेले.

त्या वर्षी कॉफीचा बहर ओसरला तसा राजधानीतून, मामांच्या स्मारकासाठी नेमलेल्या सरकारी समितीचा एक तरुण अधिकारी आला. युनांतो त्याचं नाव, जावाचा. पायातले बूट त्यानं जिन्यापाशी काढले, ओसरीत मांडी घालून बसला आणि वर बघत राहिला. पत्र्याला पडलेल्या भोकांतून उजेडाचे ठिपके त्याच्या शर्टावर पडले होते.

"आजी, घर म्हणजे काय, दागिना आहे," तो म्हणाला. "छप्पर आम्ही नवं घालू. तुम्हाला हलवणार नाही, तुम्हीच राखणदार. शाळांच्या सहली येतील. आता फक्त साहेबांची खोली दाखवा."

"कुठल्या साहेबांची?"

"दारवीस साहेबांची. निजायची खोली."

"त्यांना खोली नव्हती."

"म्हणजे भावंडांत मिळून होती?"

"नव्हती. पुरुषाला कुठं असते खोली?"

युनांतो हसला. म्हातारी गंमत करतेय असं त्याला वाटलं. मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून त्यानं विचारलं, "मग झोपायचे कुठं?"

"सुरावात."

"चला, तोच बघू."

"भूकंपात गेला. जोतं उरलंय. त्यावर केळी लावल्यात, हव्या तर बघ."

त्यानं पेनाला टोपण लावलं. "आजी, खरं सांगू? स्मारकाला खाट लागते. लोक येतात ते खाट बघायला. एवढा मोठा माणूस एवढ्याशा खाटेवर झोपायचा म्हणतात, आणि मग बाहेर जाऊन आइस्क्रीम खातात. पुस्तकं कुणी बघत नाही."

"आणि खाट नसली तर?"

"तर समितीतले बाकीचे म्हणतात तसं होईल. किनाऱ्यावरचा जुना तुरुंग. तिथं त्यांची कोठडी आहे, खाट आहे, पांघरूणसुद्धा आहे." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला हे घर हवंय, आजी. तुरुंग नकोय."

जाताना त्यानं एक छापील अर्ज ठेवला. सगळं भरलेलं होतं. एकच ओळ कोरी होती, नेत्याच्या निजण्याच्या खोलीची. शुक्रवारी तो परत यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातुक आले. दातुक म्हणजे कुळाचे प्रमुख. पण शमसिदारनं त्यांना लहानपणी कडेवर खेळवलं होतं, त्यामुळे दबदबा जिन्याखाली बुटांबरोबर ठेवूनच त्यांना वर यावं लागे.

"उनी," ते बसायच्या आधीच म्हणाले, कारण ती त्यांना थोरल्या बहिणीच्या जागी, "एक शब्द लिहायचाय. मधली. बोटांना वात आलाय का तुझ्या?"

"खोटं आहे ते, दातुक."

"खोटं! परवा माझ्या सुनेला म्हणालीस, रेंदांग झकास झालंय. ते मटण चावून माझी दाढ हलली. ते काय होतं?"

"पोरीचा हिरमोड होऊ नये म्हणून म्हटलं."

"मग इथंही कुणाचा तरी हिरमोड होऊ नये म्हणून म्हण. पाऊस आला की ओसरीत नऊ भांडी मांडतेस. मोजलीयत मी. चालताना वाटतं, भांड्यांच्या दुकानात आलोय." त्यांनी करवंटीतला कॉफीच्या पानांचा काढा एक घोट घेतला आणि न बघता बोलून गेले, "तू गेल्यावर कोण आहे इथं?"

 दातुकांनी करवंटी खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"तसं नव्हतं म्हणायचं मला. सहलींची पोरं तरी येतील, एवढंच. जिन्यावर पावलं वाजतील."

"वाजतील," ती म्हणाली.

काढा अर्धा टाकून ते गेले. त्यांना जे सांगता येण्यासारखं नव्हतं ते मग दिवसभर तिच्याबरोबर घरात फिरत राहिलं.

ती तेव्हा अकरा वर्षांची होती. मामी पादांगला वारल्या होत्या. बायको गेली की नवऱ्याला तिच्या बहिणींच्या घरात जागा राहत नाही. बोचकं उचलायचं आणि निघायचं. मामा नुकतेच तुरुंगातून सुटले होते. एका दुपारी ते बसमधून उतरले, खांद्यावर पुस्तकांची पत्र्याची पेटी घेऊन एकटेच चढण चढून आले. आईनं फणसाची आमटी केली होती. मामा दोनदा भात मागून जेवले. हात धुतल्यावर ते उठले नाहीत.

"उनी, जरा आडवा होऊ का? पाठ मोडून आलीय."

"कुठं?"

"मधली खोली रिकामी दिसतेय."

"ती शमसिदारची. उद्या लग्न होईल तिचं."

"उद्या होईल ना? मला आजची दुपार दे." ते हसत होते.

आई हसली नाही. तिनं उघड्या दाराकडे पाहिलं. समोरच्या घरातल्या बायका भात पाखडत होत्या. "दारवीस, पन्नाशी उलटली तुझी. दिवसाढवळ्या बहिणीच्या घरात पाय पसरून निजलास तर गाव काय म्हणेल? सुराव आहे की. जग फिरून रीत विसरलास?"

"विसरलो नाही," मामा म्हणाले. "विचारून बघितलं."

मग त्यांनी पेटी खांद्यावर घेतली. खाली उतरल्यावर आठवण झाल्यासारखे वळले आणि चुलीजवळचे दोन कागद मागून घेतले.

ते गेल्यावर आईला राहवलं नाही. तिनं सावरीच्या कापसाची उशी काढली, धुतलेला अभ्रा घातला आणि शमसिदारला सुरावात पिटाळलं. तिथल्या पडवीत मुलं बसली होती. "बघा रे, नवरी उशी घेऊन आली!" एकजण ओरडला, बाकीचे खिदळले. शमसिदारनं उशी पायरीवर टाकली आणि ओढ्याकाठून धूम पळाली. घरी आईनं विचारलं, "दिलीस?" ती म्हणाली, "दिली."

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा उठले नाहीत. त्यांच्या डोक्याखाली पत्र्याची पेटी होती. उशीचा मुलांनी चेंडू केला होता. जोत्याभोवती कापूस उडत होता. ती कुणासाठी होती हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मामांना घरी आणलं. ओसरीत जरीचं कापड अंथरून त्यांना दिवसभर निजवलं. राजधानीतून गाड्या आल्या, भाषणं झाली, समोरच्या बायका रडल्या. गेलेल्या माणसानं बहिणीच्या घरी निजायला गावाची हरकत नसते. आई रडली नाही. पण त्यानंतर मरेपर्यंत ती दुपारी कधी आडवी झाली नाही. डोळे जड व्हायचे, मान कलायची, तरी खिडकीशी बसून राहायची. आई गेल्यावर शमसिदारही तशीच बसू लागली. का, हे तिला कुणी विचारलं नाही. विचारायला कुणी नव्हतंच. आणि उशीचं तिनं आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी युनांतो आला तेव्हा अर्ज भरलेला होता. कोऱ्या ओळीवर तिसरीपर्यंत शिकलेल्या हातानं लिहिलं होतं, मधली. त्याचा चेहरा उजळला. मग त्याला खाली, शेऱ्याच्या जागी, आणखी एक ओळ दिसली. ती त्यानं मोठ्यानं वाचली. "त्यांनी ही खोली मागितली होती." त्यानं वर पाहिलं. "मागितली होती? मग?"

"मग आता दिली."

त्यानं ती ओळ पुन्हा एकदा मनाशी वाचली. तरुण होता, पण मूर्ख नव्हता. "फलकावर ते येथे विश्रांती घेत असंच लिहिलं जाईल, आजी," तो शेवटी म्हणाला. "शेरा वाचत नाही कुणी."

"नको वाचू देत. खोडू मात्र नकोस."

त्यानं खोडलं नाही.

शमसिदारनं आपली गादी, ट्रंक आणि इर्वानचा फोटो चुलीकडच्या शेवटच्या खोलीत हलवला. मधल्या खोलीतून बाहेर येताना पन्नास वर्षांच्या सवयीनं ती दारात डोकं वाकवायची. शेवटच्या खोलीचं दार उंच होतं, तिथंही ती वाकत राहिली. घरामागे सावरीचं झाड होतं. खाली पडलेली बोंडं गोळा करून ती रोज ओसरीत बसून कापसातल्या बिया काढी. नाकातोंडात तंतू जात, शिंका येत. दातुक दोनदा येऊन गेले. "हे सरकारनं सांगितलंय का?" त्यांनी विचारलं. "नाही," ती म्हणाली. तेही मग बसून बिया काढू लागले.

खाट लॉरीतून आली. लोखंडी, पोपडे गेलेली, कुठल्या तरी जुन्या बाजारातून घेतलेली. चार माणसांनी ती तिरकी करून मधल्या खोलीत नेली, भिंतीवर फलक ठोकला, चहा घेतला आणि लॉरी उतारानं गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. समोरच्या घरात आता कुणी भात पाखडत नव्हतं. तिथल्या बायका मलेशियाला होत्या, दाराला कुलूप होतं.

शमसिदारनं चादर घातली. तिचे कोपरे ओढून घेतले. उशी ठेवली, हातानं चोपून मध्ये थोडा खळगा केला. खिडकीचं एक दार ओढून घेतलं, म्हणजे ऊन तोंडावर यायला नको. मग खोलीचा पडदा सोडून, आवाज न करता ओसरी ओलांडून ती जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली.

मासळीवाला मोटारसायकलवरून भोंगा वाजवत चढण चढत होता. तिनं हात वर केला.

"हळू रे."

त्यानं ब्रेक लावला. "काय झालं, आजी? कोण आलंय? इर्वान दादा?"

"मामा. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

मासळीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागच्या पडद्याकडे. त्यानं इंजिन बंद केलं. नेहमीची पाव किलो सुकी मासळी मोजून पुडा तिच्या हातात दिला, आणि गाडी ढकलत, पाय न वाजवता, वळणापर्यंत चालत गेला.

तिनं पुडा सोडला. मासळी मांजरापासून लांब ठेवली. कागद मांडीवर घेऊन सपाट केला, पण वाचला नाही. घडी घालून पायरीवर ठेवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक दगड ठेवला. उठल्यावर, जाताना ते मागतील.