सुश्रुत करंबेळकरचं भांडं ठरत नव्हतं

आमच्या गल्लीत सुश्रुत करंबेळकरइतका विचार करून वस्तू घेणारा माणूस दुसरा नाही. हे मला त्यानेच सांगितलं, आम्ही नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावी राहायला आलो त्याच आठवड्यात. तो आमच्यापासून दोन दारं सोडून राहायचा. नवे शेजारी पुण्याचे म्हणून त्याची बायको ऋजुता पोहे घेऊन भेटायला आली होती, आणि हा तिच्यामागून आत येऊन आमचा नवा व्हॅक्यूम क्लीनर उलटा करून बघत होता. "हा घेतलात?" एवढंच म्हणाला. त्या "हा"मध्ये आमच्या दोघांच्या अकलेचा निकाल लागला.

आइंडहोव्हनकडच्या एका कंपनीत तो इंजिनिअर आहे. कामात चांगला आहे म्हणतात; असेल. घरी मात्र त्याचं काही म्हणजे काही ठरत नाही. सायकल निवडण्यात अख्खा उन्हाळा गेला, तोवर साहेब बसने जात होते. त्यांची मुलगी प्रिया झाली तेव्हा बाबागाडीचा अभ्यास चालू होता. गाडी दारात आली तेव्हा पोरगी भिंत धरून चालत होती. लोक हसायचे. त्याला वाटायचं, कौतुकाने हसतायत.

मग एकदा बेल्जियमला जाऊन आला, तिथे दुपारभर कुठल्याशा ख्रिस्ती मठात केलेली बिअर पीत बसला आणि आता बिअर घरीच करायची असं जाहीर करून मोकळा झाला. त्या शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्याने आम्हाला शिकवलं. मोड आणून वाळवलेलं जव भरडायचं, आणि सहासष्ट-सदुसष्ट डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. याला मॅश म्हणतात. मग चोथा मागे ठेवून गोड पाणी काढून घ्यायचं. पुढचं उकळणं, आंबवणं कुणालाही जमतं. खरा प्रश्न मॅशच्या भांड्याचा.

"कापडी पिशवी घालून साधं पातेलं, किंवा तळाला जाळी बसवलेला कूलबॉक्स, किंवा मग विजेवरचं स्टीलचं यंत्र, पंपासकट," तो म्हणाला.

"मग घे की एखादं," माझा नवरा ईशान म्हणाला.

"घे की?" ईशानने देव्हाऱ्याला पाय लावावा तसं सुश्रुतने त्याच्याकडे बघितलं. "अरे, असं घेत नसतात."

समोर विम नावाचे एक निवृत्त गृहस्थ राहतात. ते वर्षानुवर्षं घरी बिअर करतात, हे कळल्यावर सुश्रुत त्यांच्या शेडमध्ये गेला. त्यांच्याकडे निळा कूलबॉक्स होता, सहलीला नेतात तसला. विमनी त्याला दोन बाटल्या भेट दिल्या. त्या त्याने आमच्याकडे आणून उघडल्या, चवीने संपवल्या आणि तोंड पुसून म्हणाला, "बिचारा म्हातारा. प्लॅस्टिकमध्ये करतो."

पुढे दोन हिवाळे गेले. त्याने एक विजेचं यंत्र मागवलं, पंपाचा आवाज कर्कश म्हणून परत पाठवलं. दुसरं मागवलं, जाळीच्या कडेला फट आहे म्हणून तेही परत. कापडी पिशवी ही "गरिबांची सोय" म्हणून बाद. पार्सल देणारी बाई त्याच्या दारात आली की खोका खाली न ठेवताच विचारायची, "राहणार का हा?" आणि भांड्याचा पत्ता नसताना जवाचं मोठं पोतं मात्र त्याने आधीच आणून शेडमध्ये टाकलं होतं, कारण ते निवडायला सोपं होतं.

पोत्यात टोके झाले. शेडमधून ते घरात आले, कणकेच्या डब्यापर्यंत पोचले. ऋजुता म्हणाली, "या आठवड्यात बिअर कर, नाहीतर मी हे फेकते."

"भांडं कुठाय?"

"घरात आहेत की तीस भांडी."

"ऋजुता, तुला यातलं कळत नाही."

दुसऱ्या दिवशी तो कामासाठी तैवानला गेला. ऋजुताने मला हाक मारली. आम्ही अंगणात जव चाळलं, पाखडलं, विमकडच्या हाताच्या चक्कीवर भरडलं. समुद्रावर जाताना नेतात तो कूलबॉक्स तिने धुऊन घेतला, त्यात गरम पाणी आणि जव घालून झाकण लावलं. जाळी-बिळी काही नव्हती. तासाभराने चक्का बांधायच्या पंच्यातून गाळलं, बस्स. पुढचं विम सांगत गेले तसं केलं. महिन्याभरात बाटल्या तयार. बिअर जरा गढूळ होती, पण चवीला चांगली होती. अप्रतिम म्हणणार नाही. चांगली होती.

सुश्रुत परत आल्यावर कधीतरी तिने त्याच्यापुढे एक ग्लास ठेवला. मी तिथेच होते. तो घुटका घुटका पीत राहिला. मग म्हणाला, "टेम्परेचर घसरलेलं दिसतंय. किती डिग्री गेली?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? मोजलं नाहीस?"

"झाकण लावलं आणि हिच्याकडे, शलाकाकडे, चहा प्यायला गेले."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तोवर बघितलं नव्हतं. बायकोने त्याचं काही चोरलं असतं तरी तो इतका दुखावला नसता. ग्लास मात्र त्याने रिकामा केला.

त्यानंतर आठ दिवसांत त्याने सगळ्यांत मोठं यंत्र घेतलं. तीन पिंपं, दोन पंप, फोनवर दिसणारं तापमान. सायकली शेडबाहेर पावसात गेल्या. उद्घाटनाला आम्हाला आणि विमना बोलावलं. जव त्याने स्वतः दळलं होतं, जास्त साखर निघावी म्हणून अगदी बारीक. पंप पूर्ण जोरात सोडला. थोड्या वेळात चोथा जाळीवर सिमेंटसारखा बसला. वर पाणी तुंबलं, खाली थेंब येईना.

"पंप बंद करा, आणि ढवळा," विम म्हणाले.

"हे का होतंय ते मला माहीत आहे," सुश्रुत म्हणाला, आणि का होतंय ते त्याने आम्हाला सांगितलं. चांगलं सविस्तर सांगितलं. तोवर खाली तापत असलेल्या पिंपातलं उरलंसुरलं गोड पाणी आटून करपलं आणि शेडभर जळका वास सुटला. प्रिया नाक दाबून डचमध्ये काहीतरी म्हणाली, विम हसले.

तो ओला चोथा त्याने हिरव्या कचऱ्याच्या डब्यात कोंबला. डबा इतका जड झाला की गाडीने उचललाच नाही. जूनच्या उन्हात तो दारात आंबत राहिला, आणि गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

एवढं झाल्यावर माणूस निदान गप्प बसेल. पण शरद ऋतूत मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याने "मॅशसाठी योग्य उपकरणाची निवड" यावर भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता पार एनस्खेडेसारख्या लांबच्या गावांहून त्याला फोन येतात. तो तासन् तास सल्ला देतो. त्याच्या हातून बाटलीभर बिअर आजवर झालेली नाही, पण ते कुणी विचारत नाही.

ऋजुताने पुन्हा बिअर केली नाही. मी एकदा म्हटलं, करूया की. ती म्हणाली, "मला बिअर आवडत नाही गं. टोके झाले होते म्हणून केली." पण त्या बिअरनंतर ती बदलली. पूर्वी चिडायची, भांडायची. आता विचारत नाही. प्रियाची शाळा तिने ठरवली. मागच्या वर्षी घरमालकाने घर विकायला काढलं, तेव्हा सुश्रुतने घर गरम ठेवणाऱ्या हीट पंपांची तुलना सुरू केली. ऋजुताने कालव्यापलीकडचं एक घर बघितलं आणि संध्याकाळी बोली लावली. सही करायला तेवढं त्याला नेलं.

नव्या घरी आम्ही जेवायला गेलो होतो. ऋजुता पानं वाढत होती. सुश्रुत मला म्हणाला, "शलाका, कुणी नवीन असेल तर माझा नंबर दे. लोक घाईघाईत काहीही घेतात."

मी ऋजुताकडे बघितलं. तिने ईशानला विचारलं, "भात वाढू?"