ताईच्या खात्यावरचं कार्ड

बारक्या म्हणजे अंगानं चांगला दांडगा गडी, दुकानाच्या दारातून आत येताना मान वाकवावी लागते त्याला. पण बहिणीच्या पाठचा, म्हणून ताईनं लहानपणी बारक्या म्हटलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. आता कानशिलं पांढरी झाली तरी सुटका नाही. गिऱ्हाइकं त्याला सोफावाले म्हणतात, ताई बारक्या म्हणते, आणि तो दोन्ही हाकांना ओ देतो.

खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि माणसं दोनच. दुकानात पुढं काचेपाशी ताईचं शिलाई मशीन, मागं बारक्याचा पसारा. लोकांचे सोफे तिथं कातडी सोललेल्या अंगानं उभे असतात. जुनं कापड टराटरा फाडायचं, खालचे पट्टे ताणून ठोकायचे, स्प्रिंगा बांधायच्या, फोम बसवायचा हे त्याचं काम. त्यावरची खोळ शिवायची हे ताईचं. दिवसभर हवेत कापसाची भुरभुर आणि डिंकाचा वास. दोघांनीही लग्न केलं नाही. तो विषय निघाला की दोघंही एकदम कामाला लागतात.

तर झालं काय, दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी सोफा पाठवला. सोबत कापड त्यांचंच, गर्द हिरवी मखमल, हात लावायला भीती वाटावी अशी. ताईनं कापड उलगडलं, तळवा फिरवला आणि म्हणाली, "बारक्या, लव बघ हं. मागच्या बाजूनं खडूनं बाण काढ आणि मगच कात्री लाव."

मखमलीचं असं असतं, वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत आणि उजळ, खालून वर फिरवला तर काळपट. एका सोफ्यावरचे सगळे तुकडे एकाच दिशेचे हवेत. नाहीतर एकाच ताग्यातलं कापड दोन रंगांचं दिसतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, उरलंसुरलं लावलंत वाटतं.

हे बारक्याला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर त्याला राग आला. "आता मला शिकव तू," असं म्हणाला आणि बाण न काढताच कापायला बसला. बैठक बरोबर आली, हात बरोबर आले आणि पाठ उलटी आली. पाठीला वरून कमान, त्यामुळे तुकडा फिरवून लावायचीही सोय नाही. त्यानं ब्रश मारून पाहिला, वाफ देऊन पाहिली. लव काही ऐकेना. शेवटी गुपचूप तुकडा घडी घालून कपाटामागं कोंबला आणि ताईला म्हणाला, "पाठ अजून कापायची आहे. घाई नाही त्यांना."

घाई होती. बाईंचे त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर दोन फोन येऊन गेले होते.

तस्सं कापड गावातल्या मोठ्या दुकानात होतं. बारक्या जाऊन बघून आला. किंमत ऐकून तोंडाला कोरड पडली. उधारी तिथं चालत नाही. खिशात कार्ड होतं, पण फोम आणि लाकडाच्या खरेदीनं त्याची मर्यादा जवळपास गाठलेली. उरलेल्या पैशांत त्या मखमलीचा हातभर तुकडासुद्धा आला नसता.

आता त्या कार्डाची गोष्ट सांगायलाच हवी, त्याशिवाय हा सरळ ताईकडं का गेला नाही ते कळायचं नाही. काही वर्षांपूर्वी ह्या शहाण्याकडं चार क्रेडिट कार्डं होती. एकाचं देणं दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. टोप्या फिरवून दमला तेव्हा वसुलीवाले दुकानात येऊन बसले, ते नेमके ताईच्या मशीनसमोरच्या खुर्चीवर. ताईनं स्वतःच्या म्हातारपणासाठी ठेवलेली ठेव मोडली. ती त्या दिवशी जी बोलली ती दिवसभर बोलली. संध्याकाळी ताट वाढलं, आणि त्यानंतर आजतागायत तो विषय तिनं तोंडातून काढलेला नाही.

उलट स्वतः बँकेत गेली आणि आपल्याच खात्यावर त्याच्या नावाचं जोडकार्ड काढून आणलं. म्हणाली, "तू काय घेतोस ते मला दिसेल, मी काय घेते ते तुला दिसेल. लपवायचं कारणच नको. फक्त काही लागलं तर आधी मला सांग. दुसऱ्या दारात जाऊ नकोस." बारक्यानं मान हलवली होती. खरं सांगायचं तर रडलाही होता.

आणि आता बँकेचं सारखं चाललं होतं की मर्यादा वाढवून घ्या, एका बटणाचं काम आहे. पण ते बटण ताईच्या फोनवर. खातं तिचं, होकार तिचा. तिनं नाही म्हटलं असतं का? मुळीच नाही. फक्त चष्मा कपाळावर सरकवून तिनं विचारलं असतं, "कशाला रे?" बास. तेवढ्या एका प्रश्नापुढं ह्या एवढ्या थोरल्या माणसाची पाचावर धारण बसली होती.

शेजारी एक चावीवाला बसतो, त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. बारक्यानं त्याला आडून आडून विचारलं, एक ओळखीचे आहेत, त्यांनी जुन्या कार्डाची मर्यादा वाढवावी की नवीन कार्ड घ्यावं?

चावीवाल्यानं कानस खाली ठेवली. "ओळखीच्यांना सांगा, मर्यादा वाढवा. नवीन कार्ड म्हणजे नवीन फी, नवीन तारीख. एक तारीख लक्षात राहत नाही माणसाच्या, दोन कुठल्या? नवीन कार्ड कुणी घ्यावं, तर ज्याला जुन्या कार्डवाल्याला तोंड दाखवायचं नाही त्यानं." असं म्हणून तो हसला. बारक्याही हसला. हसताना त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

तरी गेलाच. त्या मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर एका बँकेची नवीन कार्डं द्यायला टेबल मांडून एक मुलगी बसलेली असते, काळा कोट घालून, येणाऱ्या-जाणाऱ्याला सर म्हणत. बारक्याला उभ्या जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. तो बसला. ती टॅबलेटवर भराभर विचारत गेली आणि हा सांगत गेला. सांगता सांगता त्याला आपण किती खालच्या पायरीला आलो ते कळत होतं आणि तरी तोंड थांबत नव्हतं. घरात कुणाची परवानगी वगैरे लागते का, असं त्यानं विचारलं तेव्हा ती हसून म्हणाली, "छे हो सर, तुमचं कार्ड, तुमचा निर्णय." इतकं सोपं होतं ते.

"दुकानाचा नंबर?" तिनं विचारलं.

बारक्यानं धाडकन सांगितला. फलकावर तोच, पावतीवर तोच, हजारदा गिऱ्हाइकांना सांगितलेला. जीभ आपोआप चालली. मुलगी म्हणाली, "बँकेतून ह्या नंबरवर चौकशीचा फोन येईल. कामाच्या जागेची खात्री करतात, बाकी काही नाही." तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की तो फोन ताईच्या एप्रनच्या खिशात असतो. नंबर बदलता येईल का, असं त्यानं विचारलं. मुलीनं मान हलवली, अर्ज गेला होता.

मग सुरू झाली फोनची राखण. "ताई, फोन माझ्याकडे दे, तुला मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही." "ताई, चार्ज करून देतो." "ताई, आज गिऱ्हाइकांशी मी बोलतो, तू दमलीस." ताईनं एकदोनदा दिला, मग म्हणाली, "तुला काय झालंय रे? गिऱ्हाइकाचा फोन आला की संडासात जाऊन बसणारा तू." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. फोन वाजला की ह्याचा हातोडा हवेत थांबायचा. रात्री जेवताना ताईनं ताटात काही वाढलं की ह्याला वाटायचं, हिला कळलंय. आणि तिला कळलेलं नाही असं वाटलं की त्याहून वाईट वाटायचं.

दोनदा तर तो तिच्याजवळ जाऊन उभासुद्धा राहिला. एकदा म्हणाला, "ताई, ऐक ना." तिनं मशीन थांबवलं, चष्मा वर सरकवला आणि थांबली. चांगली थांबली. हा म्हणाला, "दोरा संपलाय का बघ." तिनं रिळाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. "नाही संपला," म्हणाली.

फोन आला तो भलत्याच वेळी. बारक्या एका जुन्या आरामखुर्चीचे पट्टे ठोकत होता. जुन्या लाकडाला पिना मारायच्या मशीनची पिन चालत नाही, चिरतं ते, म्हणून बारीक खिळे तोंडात धरून एकेक करून हातानं ठोकायचे. डाव्या हातानं पट्टा जीव खाऊन ताणलेला, उजव्या हातात हातोडी, ओठांत खिळे. पट्टा सोडला तर झालेलं सगळं काम उसवणार. ताईचा फोन नेहमी स्पीकरवर, मशीनमुळं तिला तसाच लागतो.

"नमस्कार, बँकेतून बोलतोय. नवीन क्रेडिट कार्डाच्या अर्जासंबंधी खात्री करायची होती." आणि पलीकडच्या माणसानं बारक्याचं पूर्ण नाव घेतलं, जे शाळा सुटल्यापासून ह्या दुकानात कुणी घेतलं नव्हतं.

मशीन थांबलं. ताईची पाठ बारक्याकडं होती. ती वळली नाही.

"हो," ताई म्हणाली. "इथंच असतात ते."

असतात. ते. आयुष्यात पहिल्यांदा ताईनं त्याला अहोजाहो केलं. बारक्याला वाटलं, खिळे गिळून टाकावेत.

"व्यवसाय कुणाचा आहे, मॅडम?"

"त्यांचाच." फलकावर नाव ताईचं होतं, भाडं ताईच्या नावानं जात होतं.

"आधीच्या कुठल्या कार्डाची थकबाकी?"

"काही नाही. सगळं फेडलंय."

"आपण कोण बोलताय?"

"मी इथं शिवणकाम करते."

"शेवटचं विचारतो, मॅडम. माणूस भरवशाचा आहे ना? आपलं मला लिहावं लागतं."

बारक्याच्या मुठीतून पट्टा बोटभर सरकला. ताईनं मशीनवरचं कापड हातानं सारखं केलं, काही सारखं करायचं नसताना.

"हो. लिहा," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

पट्टा सुटला. सटकन आवाज झाला. बारक्यानं खिळे हातावर थुंकले आणि तो तिच्या मागं येऊन उभा राहिला. आता ती बोलेल, अशी त्याची खात्री होती. बोलावं, दिवसभर बोलावं, हवं तर कात्री फेकून मारावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्या दिवशीसारखं बोलली असती तर संध्याकाळी ताट वाढून झालं असतं आणि सगळं मिटलं असतं.

"ताई, मखमल उलटी कापली मी."

"माहीत आहे. कपाटामागं दिसलं मला कधीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

बारक्याला दोऱ्याचं रीळ आठवलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी ते कार्ड रद्द करतो. आत्ता फोन करतो. तू मर्यादा वाढव, मी तुला सगळं सांगतो, काय झालं, किती लागतात..."

"रद्द कशाला?" ताई वळली. डोळे कोरडे होते, आवाजही नेहमीचाच. "चांगलं आहे की. मी त्या माणसाला हो म्हटलंय. येऊ दे. आलं की त्यावर कापड आण, बाईंना उद्या फोन कर आणि उशीर का झाला ते खरं सांग. आणि माझं कार्ड दे परत."

"ताई, चुकलो मी."

"अरे, रागावले नाही मी." तिनं हात पुढं केला. "एवढा मोठा झालास आणि मला सांगायला तुला घाम फुटतो, हे मला इतके दिवस कळलंच नाही. दोष माझाही असेल. आता तुला काही लागलं तर माझ्याकडं यावं लागणार नाही."

बारक्यानं खिशातून कार्ड काढलं. हेच तर हवं होतं त्याला, गेले कित्येक दिवस ह्यासाठीच त्याची सगळी धडपड चालली होती. कार्ड तिच्या हातावर ठेवलं तरी त्याची बोटं सुटेनात. ताईनंच ती हळूच सोडवली.