वाऱ्यात टांगलेले छप्पर

१९३६ सालची अक्षय तृतीया. प्रश्न सत्तर रुपयांच्या अठ्ठावीस पत्र्यांचा. हजर: मी, माझे साडू आणि बारामतीचा एक सोनार.

पिंपळीच्या मळ्यात गुऱ्हाळावर मी नवे छप्पर घातले होते. वळवाचा वारा सुटण्याआधी ते तारेने जखडावे की नाही, एवढेच ठरवायचे होते. साडू पुण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. ते म्हणाले, "वारा छपराला दाबत नाही, वर ओढतो. मोजून दाखवतो."

त्यांनी फळ्यांचा चार हात लांब बोगदा केला. तोंडासमोर पंखा ठेवून त्याला विहिरीवरच्या इंजिनाचा पट्टा जोडला. आत बिस्किटाच्या डब्याचे छोटे छप्पर, वर काजळ आणि एरंडेल चोपडलेले. इंजिन पुऱ्या वेगाने चालवून थांबवले, तेव्हा समोरच्या उतारावर रेघा सरळ होत्या, पण मागच्या उतारावर तेल उलटे आढ्याकडे चढले होते. साडू हरखले. मी म्हणालो, "रेघा मला वाचता येत नाहीत. आकडा द्या."

मग ते छप्पर तारेने सोनाराच्या काट्याला टांगले. वारा वर ओढत असेल तर वजन कमी भरायला हवे. साडू भिंतीपलीकडे इंजिनापाशी, सोनार काट्यापाशी, मी वहीत मान घालून.

"तात्या, किती?" मी सोनाराला विचारले.

"व्हतं तेवढंच, आबा. गुंजंचा फरक न्हाय."

तीनदा तोलले, तीनदा तेच. साडूंनी पट्टा तपासला, पंखा तपासला, शेवटी स्वतःचे पुस्तक तपासले. माझ्या वहीत मात्र तीन आकडे जुळत होते. मी तार आणली नाही.

नवव्या दिवशी वळीव आला आणि छप्पर उठून शेजाऱ्याच्या उसात गेले. मी सोनाराचे दुकान गाठले.

"तात्या, त्या दिवशी काटा हललाच नव्हता ना?"

"हलत व्हता की! लई थरथरायचा."

"मग?"

"मग पंख्याम्होरं उपरणं आडवं धरायचो. वारं थांबलं की तोलायचो. चाळीस वर्सं वाऱ्यात तोललं न्हाय म्या. तुमच्यासाठी लबाडी करू व्हय?"

चोवीस पत्रे ठोकून सरळ झाले, चार वाया गेले. सगळे उसातून काढून आणणाऱ्या गाडीवानाला सव्वादोन रुपये दिले. सोनाराने तीन तोलांचे सहा आणे मागितले. तेही दिले, तोल त्याने बरोबरच केला होता.