टोकदार टोपीतली मावशी

आमच्या घरात डायनिंग टेबल नाही. आम्ही चटई टाकून खाली बसतो आणि पाहुणे आले की त्यांनाही खालीच बसवतो. त्यामुळे दिवाळी आटोपल्यावर लेकीने जेव्हा जाहीर केलं की शनिवारी संध्याकाळी तिच्या तीन मैत्रिणी ‘हॅलोविन डिनर’ला येणार आहेत आणि आपल्याला टेबल सजवायचंय, तेव्हा मी आधी हेच विचारलं, की बाई, कोणतं टेबल? तिच्याकडे उत्तर तयार होतं. आमच्या भिंतीला भिंत लागून एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. लेक त्यांना खाला म्हणते. त्यांचं कापड कापायचं लांब टेबल शनिवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत येणार होतं. बोलणी परस्पर झाली होती. पोरगी दहा वर्षांची आहे, पण उद्या कोणाच्या लग्नाची बैठक असली तर बिनधास्त हिला पाठवावं.

हॅलोविन हे खूळ तिने मोबाइलवरून उचललं होतं. गोंडपिपरीत भोपळ्याला डोळे कोरून कोणी जेवायला बसत नाही. पण मला गंमत वाटली. मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी अंधश्रद्धेच्या कार्यक्रमात लिंबातून रक्त काढून दाखवते आणि मग त्यामागचं रसायन सांगते. म्हटलं, भुताला पोरी हसणार असतील तर चांगलंच आहे.

यादी करायला लेक मावशीजवळ बसली. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. सहा वर्षांपासून ती आमच्याकडे राहते आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आहे. मला तिथे चहापुरतं येऊ देते. लेक वाचून दाखवत होती आणि मावशी प्रत्येक पदार्थाचं आपल्या परीने काहीतरी करत होती.

“आजी, चेटकिणीची बोटं पाहिजेत.”

“भरली भेंडी करू. टोकाले बदामाचं नख लावू.”

“डोळे?”

“अंडे उकडू. मधोमध काळी मिरी. अजून काय खातेत तुहे भूतं?”

“रक्त.”

“बीटाची कोशिंबीर. अन् गोड काय? कोहळ्याचे बोंडं करतो. कोहळं त तसंही आनाच लागन.”

कोहळं म्हणजे आमच्याकडे लाल भोपळा, आणि बोंडं म्हणजे त्याच्या गराचे तळलेले गोड गोळे. दोघी अशा रंगल्या होत्या की मी वह्या तपासायचं सोडून ऐकत बसले. मग लेक म्हणाली, “आणि आजी, तू चेटकीण होशील का? खाला टोपी शिवून देणार आहेत, काळी, अशी टोकाची. सगळ्यांना तूच वाढशील.”

मी ओरडले. आवाज एवढा चढला की मलाच ऐकू आला. “काही चेटकीण-बिटकीण नाही! भूत करा, वटवाघूळ करा, काय करायचं ते करा. आजीला यात ओढायचं नाही.” लेकीला काहीच कळलं नाही. तिचे डोळे भरले. मावशीने यादीचा कागद घडी करून डब्याखाली ठेवला आणि ती उठली.

लेकीला मला कारण सांगता येत नव्हतं. ते आमच्या घरात कधी बोललं जात नाही.

मावशी पूर्वी धानोऱ्याकडच्या एका लहान गावात राहायची. काका लवकर गेले, मूलबाळ नाही. अंगणवाडीत मदतनीस होती, लेकरांची खिचडी शिजवायची. एका वर्षी पावसाळ्यात एका लेकराला ताप भरला आणि ते गेलं. मलेरियाचा ताप, त्या भागात नवा नाही. पण आदल्या दिवशी त्याने खिचडी खाल्ली होती, आणि कोणाच्या तरी तोंडून एक शब्द निघाला. पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत लेकरं येईनाशी झाली. आली तर डबा घरून आणत. तिला कोणी मारलं नाही, हाकललं नाही. फक्त तिच्या हातचं खायचं सगळ्यांनी बंद केलं. लग्नाची हळद असो की मरणाचं जेवण, ती चुलीकडे गेली की बायका म्हणत, बाई तुम्ही बसा, आम्ही करतो. काम सुटलं. चार वर्षं ती त्या गावात स्वतःपुरती भाकर टाकून राहिली.

आणि आता माझं. हे लिहायचं मी बरंच टाळलं आहे, पण टाळलं तर ही आठवण लिहिण्यात अर्थ नाही.

त्याच वर्षी माझी लेक झाली. तिच्याआधी एक बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. लेक महिन्याची असताना मावशीने एस.टी.च्या कंडक्टरबरोबर एक डबा पाठवला. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. धावड्याचा डिंक तिने स्वतः जंगलात फिरून गोळा केला होता. गावातली गोष्ट तोवर माझ्या कानावर आली होती. मी हसले होते. अडाणी लोक, म्हणाले होते. मग डबा उघडला, एक लाडू हातात घेतला आणि मांडीवरच्या लेकराकडे पाहिलं. माझ्या दुधातून हिला काही झालं तर? मला माहीत होतं की काही होत नसतं. मी ते पोरांना फळ्यावर लिहून शिकवत होते. तरी मी मागच्या दाराने गेले आणि सगळेच्या सगळे लाडू शेजारच्या गाईच्या घमेल्यात टाकले.

मावशीचा फोन आला, कसे झाले लाडू? मी म्हणाले, फार छान झाले. डबा घासून, आत मूठभर तांदूळ घालून परत पाठवला.

चार वर्षांनी मी तिला आणायला गेले ती याच ओझ्यापायी. इथे आल्यावर ती काय होती, कुठून आली, हे मी कोणाला कळू दिलं नाही. तिच्या बोंडांचं, तिच्या पातोड्यांचं कौतुक मी सगळ्यांसमोर जरा जास्तच करते. तिच्या हातचा पहिला घास मीच घेते. लाडवांचं मात्र तिला कधी सांगू शकले नाही. आणि आता त्याच घरात, तिच्याच डोक्यावर चेटकिणीची टोपी ठेवायची? शेजारणींसमोर?

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर मावशी आरशासमोर उभी. डोक्यावर खालांनी अस्तराच्या काळ्या कापडाची शिवलेली टोपी. आत पुठ्ठा घातलेला. ती उंचच उंच, मावशी बुटकी. टोपीचं टोक वाकलेलं.

“मावशी, काढ ते.”

“काऊन?”

“काऊन म्हणजे? तुला कळत नाही का?”

“मले कळते. तुले काय वाटते, मले कोनी चेटकीन म्हटलं त मी आज पहिल्यांदा आयकून राह्यली?” ती टोपी सरळ करत होती. “तवा मले कोनी विचारलं नोतं. ह्या पोरीनं विचारलं. आजी, होशीन का म्हून. होतो म्हटलं मी.”

मी पिशवी खाली ठेवली आणि चहा टाकायला गेले.

शनिवारी टेबल आलं. खाला आणि मी दोन टोकांना धरून आणलं, त्यावर खडूच्या रेघा तशाच होत्या. लेकीने जुनी काळी ओढणी अंथरली, कचऱ्याच्या पिशव्यांची वटवाघळं कापून पंख्याला टांगली. आता राहिलं कोहळं. आमच्याकडे अख्खं कोहळं बाया फोडत नाहीत, पहिला घाव पुरुषाने घालायचा. माझा नवरा वन विभागात आहे, त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेला होता. मी हे सगळं मानत नाही म्हणते, पण सुरी हातात घेऊन उगाच धार बघत होते. मावशीने ती माझ्याकडून घेतली. “आता चेटकीनच झालो त कोहळ्याची काय भीती,” म्हणाली आणि एका घावात वरची टोपी उडवली. खाला खो खो हसल्या. आतला गर बोंडांना गेला आणि रिकाम्या कोहळ्याला लेकीने दोन डोळे आणि वाकडं तोंड कोरलं. दिवाळीची उरलेली पणती आत ठेवली. एक डोळा मोठा झाला होता, त्यामुळे ते भूत भीतीदायक कमी आणि झोपेतून उठवलेलं जास्त दिसत होतं.

सातच्या सुमारास मैत्रिणी आल्या. दिवे मालवले. मावशी स्वयंपाकघरातून टोपी घालून, हातात भेंड्यांचं ताट घेऊन आली आणि जाड आवाजात म्हणाली, “कोनाले बोटं पाह्यजेत?” तिन्ही पोरी किंचाळल्या, मग हसल्या, मग ताटं पुढे केली. एकीने बोटाचं नख आधी खाल्लं. दुसरीने अंड्याच्या डोळ्याला टाटा केलं. कोशिंबीर गालांना फासून दोघी रक्तपिपासू झाल्या. मावशी एकेकीपुढे जाऊन वाढत होती. मी दाराशी उभी राहून बघत होते आणि माझ्या लक्षात आलं, की इतक्या लेकरांना एकत्र वाढताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

“आजी, आता भुताची गोष्ट,” लेक म्हणाली. टेबलाच्या टोकाला खाला बसल्या होत्या, त्यांनी मलाही ओढून शेजारी बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं.

मावशीने टोपी नीट केली. “एक गाव होतं. जंगलाच्या कडेले. तिथं एक बाई लेकरायसाठी खिचडी शिजवे.”

माझा हात ताटातच थांबला.

“एक लेकरू तापानं गेलं. लोक म्हनाले, हे बाई चेटकीन आहे. हिच्या हातचं खाऊ नोका.”

“मग तिने सगळ्यांना बेडूक केलं?” एकीने विचारलं.

“नाई वं. तिनं खिचडी शिजवली अन् एकटीच खाल्ली. गंजभर. पोट दुखलं तिचं.”

पोरी हसल्या. “पण तिला खरंच जादू येत होती का?”

“येत असती त आंधी सोताचे गुडघे नसते का बरे केले?”

आणखी हसू. खाला हसत नव्हत्या. त्या मावशीकडे टक लावून पाहत होत्या. मला वाटलं आता थांबवावं, पण पोरी पुढे सरकून ऐकत होत्या.

“त्या बाईची एक भाची होती. शिकलेली, मोठ्या गावात राहे. तिले लेकरू झालं म्हून बाईनं डिंकाचे लाडू धाडले. मंग फोन करून विचारलं, कसे झाले वं? भाची म्हने, फार छान, गूळ मस्त उतरला. अन् लाडवात गूळ नोताच बाप्पा. खडीसाखर होती.”

पोरींना क्षणभर कळलं नाही. मग लेकीला कळलं. “म्हणजे तिने खाल्लेच नाहीत! खोटं बोलली!”

गुळाचं मी बोलले होते. विसरूनही गेले होते. दहा वर्षं मावशीला माहीत होतं. मी तिला आणायला गेले त्या दिवशीही, आणि सहा वर्षं तिच्या हातचा पहिला घास मी सगळ्यांना दाखवून घेत होते तेव्हाही.

“किती वाईट भाची,” लेक म्हणाली.

“नाई, माय. भेली होती ते. मांडीवर एवढंसं लेकरू, एक आंधी गेलेलं. भेल्या मानसाले वाईट म्हनू नये.”

“मग पुढे?”

“पुढं काय. चार वर्सानं तेच भाची एस.टी.तून उतरली. म्हने, चाल मावशी. बाईनं पेटी उचलली अन् गेली.”

एक मैत्रीण नाराज झाली. “ही काय भुताची गोष्ट आहे? यात भूत कुठाय?”

“नाई का? मंग खाला सांगन पुढची. ते मस्त सांगते,” मावशी म्हणाली आणि बोंडांचं ताट आणायला आत गेली. खालांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि पोरींना विहिरीतल्या जिन्नाची गोष्ट सुरू केली. टेबलाखाली त्यांचा एक हात माझ्या गुडघ्यावर होता.

मावशी एकेकीच्या ताटात गरम बोंडं घालत टेबलाला वळसा घालून आली. माझ्यापाशी थांबली. मी मान वर केली नाही. मला रडायचं नव्हतं आणि मी रडतच होते. “मावशी,” एवढंच म्हणाले.

तिने एक बोंड माझ्या ताटात ठेवलं, मग अजून एक. वाकलेल्या टोपीचं टोक माझ्या कानाला लागलं.

“खाय,” ती हळूच म्हणाली. “ह्याच्यात गूळ आहे.”